जुन्या फोन बिलासाठी वसुलीचे फोन येऊ लागले तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंद केलेल्या मोबाइल किंवा ब्रॉडबँड जोडणीच्या जुन्या बिलासाठी वसुली एजंटांचे फोन येतात, अशी तक्रार ग्राहक मार्गदर्शनाचे काम करणाऱ्या आमच्यासारख्या कार्यकर्त्यांकडे नेहमी येते. रक्कम बहुधा तीन किंवा चार आकडी असते. एवढ्याशा रकमेसाठी वकील गाठणे कोणालाच परवडत नाही. मग माणसे एक तर घाबरून एजंट सांगेल त्या खात्यावर पैसे पाठवून मोकळी होतात, नाही तर नंबर ब्लॉक करून विषय मिटला असे धरून चालतात. दोन्हींत नुकसान होते. पहिल्यात पैसे जाऊनही थकबाकी तशीच राहू शकते. दुसऱ्यात खरे समन्स आले तरी तेही त्याच रागाने बाजूला पडते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

हे बिल येते कुठून, ते आधी पाहू. नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केला की शेवटचे बिल निघाल्यापासून पोर्ट होईपर्यंतचे काही दिवस बिलात न आलेले राहतात. त्यांचे अंतिम बिल मागाहून तयार होते आणि जुन्या पत्त्यावर किंवा कोणी उघडत नाही अशा ई-मेलवर जाते. ग्राहकाच्या हिशेबी सगळे भरलेले असते, कंपनीच्या वहीत मात्र बाकी दिसते. ब्रॉडबँडचा प्रकार वेगळा. घर बदलताना लोक बिल भरणे थांबवतात, पण जोडणी बंद करण्याचा अर्ज देत नाहीत. मग प्लॅन चालूच धरला जातो आणि भाडे चढत राहते. राउटर परत केल्याची पोच हातात नसेल, तर त्याची किंमतही त्यात मिळवली जाते. कधी कार्डाची मुदत संपून आपोआप होणारा भरणा थांबलेला असतो. कधी सुरुवातीला घेतलेली अनामत रक्कम अंतिम बिलात वळती केलेलीच नसते. ती केली तर उलट कंपनीकडूनच पैसे निघतात. आणि पुष्कळदा ते बिल फोन घेणाऱ्याचे नसतेच. बंद पडलेले मोबाइल क्रमांक काही काळाने नव्या ग्राहकाला दिले जातात आणि जुन्या मालकाच्या थकबाकीचे फोन नव्या माणसाला येतात. आपल्या ओळखपत्रावर कोणी परस्पर जोडणी घेतली असावी असा संशय असेल, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या चालू आहेत ते पाहता येते आणि आपली नसलेली तिथेच कळवता येते.

फोन करणारा माणूस सहसा कंपनीचा नोकर नसतो. कंपनी थकबाकीदारांची यादी बाहेरच्या एजन्सीला देते. यादीत नाव, दोन-तीन फोन क्रमांक, खाते क्रमांक आणि रक्कम एवढेच असते. मूळ बिल, तक्रारींचा इतिहास, राउटरची पोच यांतले काहीही त्या माणसासमोर नसते. म्हणून फोनवर त्याच्याशी 'मी हे भरले आहे' असा वाद घालण्यात अर्थ नाही. तपासायला त्याच्याकडे काही नाही. एजन्सीला सहसा वसूल झालेल्या रकमेवर टक्केवारी मिळते, त्यामुळे बोलण्याचा सगळा रोख 'आज, आत्ता' यावर असतो. काही महिन्यांत वसुली झाली नाही की तीच यादी दुसऱ्या एजन्सीकडे जाते आणि पहिलीकडची प्रत पुसली जातेच असे नाही. पैसे भरून झाल्यावरही फोन चालू राहतात ते यामुळेच.

पहिल्या फोनवर विचारायचे ते एवढेच: तुमचे नाव, एजन्सीचे नाव, कोणत्या कंपनीच्या वतीने बोलता, खाते क्रमांक आणि बिलाची तारीख. उत्तरे कागदावर उतरवून घ्यावीत, फोनचा क्रमांक आणि वेळही लिहावी, आणि 'मी कंपनीलाच लेखी विचारतो' असे सांगून फोन ठेवावा. जन्मतारीख, आधार क्रमांक, सध्याचा पत्ता, नोकरीचे ठिकाण, बँकेचा तपशील किंवा ओटीपी यांतले काहीही 'पडताळणी'साठी म्हणून देऊ नये. आपल्याकडून येणे असल्याचा दावा तो करतो आहे. ओळख पटवण्याची जबाबदारी त्याची. 'अर्धे भरतो', 'पगार झाला की बघू', 'हो, राहिले होते खरे' ही वाक्ये मुद्दाम टाळावीत. का, ते पुढे येईलच.

त्यानंतर कंपनीच्या अधिकृत तक्रार ई-मेलवर असा मजकूर पाठवावा:

'आपल्या वतीने बोलतो असे सांगणाऱ्या व्यक्तीने दि. … रोजी … या क्रमांकावरून फोन करून खाते क्रमांक … वर रु. … थकबाकी असल्याचे कळवले. ही रक्कम मला मान्य नाही. हे पत्र थकबाकीची कबुली समजू नये. मूळ बिल, त्या काळातील भरण्यांचा तपशील, अनामत रकमेचा हिशेब, जोडणी बंद झाल्याची तारीख आणि संबंधित एजन्सीला दिलेले अधिकारपत्र यांच्या प्रती ई-मेलने पाठवाव्यात. यापुढील संपर्क फक्त लेखी ठेवावा. माझ्या घरच्यांशी, कार्यालयाशी किंवा शेजाऱ्यांशी या विषयावर बोलू नये.'

बिल आपले नसेल तर 'या खात्याशी माझा संबंध नाही' एवढे वाक्य वर जोडावे. सोबत कंपनीच्या तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तो क्रमांक फार कामाचा. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांप्रमाणे तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचे असते. तक्रार क्रमांक नसेल तर अपील उभेच राहत नाही. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार चालवत नाही, त्यामुळे थेट ट्रायला लिहून थांबणाऱ्यांचे महिने फुकट जातात. अपिलानंतरही प्रश्न उरला तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे जाता येते.

वरच्या मजकुरातले 'कबुली समजू नये' हे वाक्य गाळू नये. त्यामागे १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. अशा येण्यासाठी दिवाणी दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षे आहे आणि ती ढोबळमानाने बिल देय झाल्यापासून मोजतात. मुदत उलटून गेल्यावर लावलेला दावा फेटाळणे न्यायालयावर बंधनकारक आहे; कलम ३ प्रमाणे प्रतिवादीने तो मुद्दा काढला नसला तरीही. पण मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाने सही करून लेखी कबुली दिली, तर कलम १८ प्रमाणे कबुलीच्या दिवसापासून ३ वर्षे नव्याने सुरू होतात. मुदतीच्या आत काही रक्कम भरली आणि त्या भरण्याची ग्राहकाच्या हातची किंवा सहीची लेखी नोंद असली, तर कलम १९ खाली तेच होते. एजंट 'निदान काहीतरी तरी भरा, फाइल चालू राहील' असे म्हणतो त्याचा परिणाम हा असा होऊ शकतो. तोंडी कबुलीने मुदत वाढत नाही. ई-मेल आणि व्हॉट्सअॅपवरचा मजकूर मात्र पुरावा म्हणून न्यायालयापुढे येऊ शकतो, म्हणून तिथे जपून लिहावे.

मुदत संपल्यानंतरची कबुली कलम १८ खाली उपयोगाची नाही. तरीही एक दार उघडे राहते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५ प्रमाणे मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी आणि सही केलेले वचन हा वैध करार ठरतो. पाच-सहा वर्षे जुन्या बिलावर 'सेटलमेंट फॉर्म' सही करायला पाठवला जातो, तेव्हा नेमके हेच वचन घेतले जात असते. त्यावर सही करणे म्हणजे मेलेले प्रकरण स्वतःच्या हाताने जिवंत करणे.

मुदत मोजताना एक चूक सर्रास होते. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. त्यामुळे जून २०२० मध्ये देय झालेल्या बिलाची मुदत जून २०२३ मध्ये संपली असे नाही. ती १ मार्च २०२२ पासून मोजायची, म्हणजे फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. मार्च २०१९ च्या मध्यावर देय झालेल्या बिलाचे कोविडपूर्वी एक वर्ष खर्ची पडले होते, उरलेली दोन वर्षे १ मार्च २०२२ पासून पुढे धावली. १ मार्च २०२२ पासून पुढे देय झालेल्या बिलांना साधी ३ वर्षे. मुदत गेली म्हणून देणे नाहीसे होते असेही नाही. न्यायालयातून वसूल करण्याचा हक्क संपतो, पण आपण होऊन भरलेले पैसे 'मुदतबाह्य होते' म्हणून परत मागता येत नाहीत. त्यामुळे भरायचे की नाही हे मुदत तपासल्यावरच ठरवावे. आमचे मत स्पष्ट आहे: सेवा वापरली असेल आणि हिशेब बरोबर असेल, तर बिल भरावे, मग ते कितीही लहान असो. मात्र ते भीतीपोटी भरू नये आणि चुकीच्या हातात देऊ नये.

विजेच्या बिलाचा हिशेब वेगळा आहे. तिथे विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ५६ लागते. पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिल वादातले असेल तर मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी ती 'हरकत राखून' भरली की वाद चालू असेपर्यंत वीज तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी थकबाकी बिलांमध्ये सलग दाखवत आणलेली नसेल, तर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. फोनच्या बिलाला हे नियम लावू नयेत आणि फोनचे नियम विजेला लावू नयेत. दोन्हींची सरमिसळ करून केलेला अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो.

आता धमक्यांकडे येऊ. 'पोलीस घरी येतील', 'वॉरंट निघाले आहे', 'सामान जप्त होईल' ही तीन वाक्ये जवळपास प्रत्येक तक्रारीत असतात. बिल न भरणे हा दिवाणी विषय आहे, गुन्हा नाही, आणि पोलिसांना त्यासाठी अटक करता येत नाही. जप्तीसाठी आधी दावा, मग हुकूमनामा (न्यायालयाचा निकाल), मग दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) आणि त्यानंतर न्यायालयाचा बेलिफ असा क्रम आहे. एजंटाला तुमच्या घरातली खुर्चीसुद्धा हलवता येत नाही. हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातले दोन-तृतीयांश जप्तीबाहेर राहतात. हुकूमनाम्याची एकूण रक्कम २,००० रुपयांच्या वर नसेल तर कलम ५८ प्रमाणे दिवाणी कैद देताच येत नाही आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करण्यास कलम ५६ मनाई करते. वडिलांच्या नावावरचे बिल मुलाकडे मागितले जाते, तेव्हाही घाबरू नये. वारसाची जबाबदारी मृताकडून त्याच्याकडे आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, आणि वडील हयात असतील तर मुलाचा त्या बिलाशी संबंधच नाही.

व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या 'कायदेशीर नोटिसा' नीट वाचाव्यात. वर तराजूचे चित्र, लाल अक्षरांत 'अंतिम इशारा', मध्येच एखाद्या फौजदारी कलमाचा उल्लेख, खाली गोल शिक्का आणि 'आज सायंकाळपर्यंत' अशी मुदत. खटल्याच्या क्रमांकाची जागा रिकामी असते किंवा तिथे तुमचाच खाते क्रमांक छापलेला असतो. वकिलाची खरी नोटीससुद्धा एक पत्रच असते. तिने कोणतेही दायित्व तयार होत नाही. तिच्यावर वकिलाचे नाव, पत्ता आणि सही असते, आणि ती कोणाच्या वतीने दिली ते लिहिलेले असते. अशा नोटिशीला वर दिलेल्या मजकुराच्या धर्तीवर लेखी उत्तर द्यावे, मुदत उलटली असेल तर त्यात तेही नमूद करावे. पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवून पावती जपावी.

समन्सची गोष्ट निराळी आहे. त्यावर न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक, हजर राहण्याची तारीख आणि न्यायालयाचा शिक्का असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर १६ अक्षरी सीएनआर क्रमांकाने किंवा पक्षकाराच्या नावाने ते प्रकरण खरे आहे का, हे पाच मिनिटांत कळते. समन्स खरे निघाले तर गप्प बसू नये. साध्या दाव्यात ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे आपली बाजू, द्यायची असते, न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. समरी (संक्षिप्त प्रक्रियेचा) दावा असेल तर १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. मुदतीचा मुद्दा न्यायालयाने स्वतः पाहायचा असतो हे खरे, पण त्या भरवशावर घरी बसून राहणे धोक्याचे आहे. कैफियतीत तो पहिल्या परिच्छेदातच मांडावा.

सर्वांत जास्त गोंधळ लोकअदालतीच्या नोटिशीने होतो. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या नावाने ही नोटीस येते आणि ती बहुतेकदा खरी असते. राष्ट्रीय लोकअदालतीत फोन कंपन्या अशी दाखलपूर्व प्रकरणे गठ्ठ्याने ठेवतात. तुमच्यावर दावा लागला आहे असा तिचा अर्थ नसतो. साधी लोकअदालत निवाडा लादू शकत नाही, ती दोन्ही बाजूंच्या संमतीची तडजोड नोंदवते. गेला नाहीत म्हणून एकतर्फी निकाल लागत नाही. पण जावे, असे आम्ही सुचवू. कंपनीचा अधिकार असलेला माणूस तिथे समोर बसलेला असतो, हिशेबाचा कागद मागता येतो आणि रक्कम कमी करून मिळू शकते. सही करण्याआधी मात्र दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. लोकअदालतीतली तडजोड ही दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणजे मुदतबाह्य बिलावर तिथे सही केली, तर दाव्यात जे कंपनीला मिळाले नसते ते सहीने मिळते. बिलाची देय तारीख विचारल्याशिवाय पेन हातात घेऊ नये.

कायमस्वरूपी लोकअदालत हा वेगळा मंच आहे, आणि तिच्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २२-अ आणि पुढच्या कलमांखाली ती सार्वजनिक उपयुक्तता सेवांसाठी आहे. टेलिफोन, वीज आणि पाणीपुरवठा त्यात येतात. तिथे तडजोड झाली नाही तर ते पीठ गुणवत्तेवर निर्णय देऊ शकते आणि तो बंधनकारक असतो. ग्राहकालाही तिथे स्वतःहून अर्ज करता येतो, कोर्ट फी लागत नाही. चुकीच्या बिलासाठी कंपनीला समोर आणण्याचा हा मार्ग फार कमी लोक वापरतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

भरायचे ठरले तर पैसे कंपनीच्या स्वतःच्या अॅपवर, संकेतस्थळावर, दुकानात किंवा बिल भरण्याच्या अधिकृत व्यवस्थेतून त्या खाते क्रमांकावरच भरावेत. एजंटाने पाठवलेली लिंक, त्याचा क्यूआर कोड किंवा वैयक्तिक यूपीआय यांवर एक रुपयाही टाकू नये. कमी रकमेत मिटवायचे असेल, तर 'या रकमेत खाते पूर्ण बंद होईल, काही येणे राहणार नाही' असा ई-मेल कंपनीच्या पत्त्यावरून आधी मागवावा आणि मगच भरावे. एजन्सीने वर 'कायदेशीर खर्च' किंवा 'भेट शुल्क' लावले असेल, तर ते सेवा-कराराच्या कोणत्या अटीखाली आहे ते विचारावे. उत्तर आले नाही तर ती रक्कम वगळावी. पुढच्या तारखेचा धनादेश कधीही देऊ नये. तो वटला नाही तर साधे दिवाणी येणे धनादेश न वटण्याबाबतच्या कलम १३८ च्या फौजदारी खटल्यात बदलते, आणि मग वर लिहिलेला धीर कामाला येत नाही. भरल्यावर ना-देय प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि पावतीसोबत निदान तीन वर्षे तरी ठेवावे. पुढची एजन्सी फोन करील तेव्हा ते पाठवले की बोलणे तिथेच संपते.

काही फोन कंपन्या थकबाकीची माहिती सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांकडे पाठवतात, त्यामुळे आपला अहवाल एकदा पाहून घ्यावा. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांना दर वर्षी एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. त्यात चुकीची नोंद असेल तर तिथेच हरकत नोंदवावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. 'आज भरले नाही तर सिबिल कायमचा जाईल' या एजंटाच्या वाक्याला मात्र आधार नाही.

फोन करणाऱ्याने शिवीगाळ केली, घरच्यांना किंवा कार्यालयात फोन केले, स्वतःला पोलीस किंवा न्यायालयाचा कर्मचारी म्हणवले, तर तो बिलाचा विषय राहत नाही. भारतीय न्याय संहितेत गुन्हेगारी धाकदपटशासाठी कलम ३५१, खंडणीसाठी ३०८ आणि लोकसेवक असल्याची बतावणी करण्यासाठी २०४ आहे. पोलीस ठाण्यात जाताना कॉलची यादी, संदेशांचे स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग घेऊन जावे. साध्या धमकीची नोंद बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्हा) म्हणून होते, पण तिची प्रत कंपनीच्या अपील प्राधिकरणाला जोडता येते. रेकॉर्डिंग दुसऱ्या फोनवर पाठवून मूळ पुसण्याची चूक करू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते काम सोपे होते. पैसे चुकीच्या खात्यात गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे. नुसता बनावट फोन किंवा संदेश असेल तर 'संचार साथी'वरच्या 'चक्षू' सुविधेत तो नोंदवता येतो.

ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. फोनचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत, असे अनेक वर्षे सांगितले जाई. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते चालतात असे स्पष्ट केले. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. पुष्कळ लहान हिशेब तिथेच दुरुस्त होतात.

आता मुख्य मागणी. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर करायचे नाहीत, नातेवाइकांना व मित्रांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले आहे. बरेच ग्राहक फोन कंपनीच्या एजंटाला हेच परिपत्रक दाखवतात. ते बँका आणि वित्त कंपन्यांच्या कर्जवसुलीसाठी आहे, फोन बिलाला ते लागू नाही. तीच रक्कम क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत किंवा हप्त्यांच्या कर्जात गेली असेल तर मात्र लागू होते, आणि तेव्हा बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. एकच एजन्सी सकाळी बँकेची यादी घेऊन नियम पाळते आणि संध्याकाळी फोन कंपनीची यादी घेऊन ते मोडते, ही स्थिती ग्राहकावर अन्याय करणारी आहे. लाखभर रुपयांच्या कर्जदाराला जे संरक्षण आहे, ते काहीशे रुपयांच्या बिलासाठी फोन येणाऱ्या माणसालाही मिळायला हवे.

ट्राय आणि दूरसंचार विभागाने वसुलीच्या वेळा, संपर्काच्या मर्यादा आणि कंपनीवरचा दंड यांसह तितकेच ठोस नियम फोन बिलांसाठी करावेत. पोर्ट झालेल्या क्रमांकाचे अंतिम बिल त्याच चालू क्रमांकावर एसएमएसने पाठवणे सक्तीचे करावे. तो क्रमांक ग्राहकाच्या खिशातच असतो. अनामत रक्कम वळती केल्याशिवाय कोणतेही खाते वसुलीला देऊ नये. एजन्सीचे नाव आणि तिला दिलेल्या अधिकारपत्राची मुदत कंपनीच्या अॅपवर खाते क्रमांक टाकताच दिसावी, आणि एजन्सी बदलली की जुनीकडची यादी रद्द झाल्याचे ग्राहकाला त्याच दिवशी कळवावे.

आपले,
ग्राहक मार्गदर्शनाचे काम करणारे कार्यकर्ते